रान ही अमानत आहे: शहापूर-मुरबाडच्या डोंगरात श्रद्धावंताचे पाऊल

अल्लाहची स्तुती असो, ज्याने आकाशातून पाणी उतरविले आणि मृत जमीन पुन्हा जिवंत केली. अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.), त्यांचे कुटुंबीय आणि त्यांचे सोबती यांच्यावर दरूद व सलाम.

बंधू-भगिनींनो, मनुष्याला पृथ्वीवर खलीफा नेमल्याचे पवित्र कुरआनने सांगितले आहे (सूरह अल-बकरह, आयत 30). खलीफा हा मालक नसतो. ज्याच्याकडे दुसऱ्याची वस्तू सांभाळण्यासाठी सोपविली आहे आणि ज्याला एक दिवस त्या वस्तूचा हिशेब द्यायचा आहे, त्याला खलीफा म्हणतात. नमाज, रोजा, जकात यांचा हिशेब होणार हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु ज्या जमिनीवर आपण सजदा करतो, ज्या पाण्याने वुजू करतो आणि ज्या झाडाच्या सावलीत विसावतो, त्यांचाही हिशेब आहे, याची आठवण आपल्या घरांत क्वचितच होते. हा विषय दूरच्या देशांचा नाही. कल्याणच्या पुढे लोहमार्गाने वासिंद, आसनगाव, खर्डी, कसारा आणि सडकेने मुरबाड, सरळगाव, माळशेज अशी जी भूमी पसरली आहे, तिच्याविषयीच आज विचार करावयाचा आहे.

वुजूचे पाणी कोठून येते?

मुंबईतील कोणत्याही मशिदीत पहाटे वुजूखान्याचा नळ उघडला जातो, तेव्हा त्या पाण्याचा प्रवास बहुधा शहापूर तालुक्याच्या डोंगरांतून सुरू झालेला असतो. तानसा धरण 1892 साली उभे राहिले. त्यानंतर वैतरणा नदीवरील मोडकसागर झाला, पुढे भातसा झाले. मुंबई शहराला रोज जवळजवळ चार हजार दशलक्ष लिटर पाणी लागते आणि त्यातील निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसाचा आहे. मुरबाडच्या बाजूला बारवी धरण कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यातील कारखान्यांची आणि वस्त्यांची तहान भागविते.

पाणी धरण देते असे आपण म्हणतो. वस्तुतः धरण पाणी साठविते. पाणी धरून ठेवण्याचे काम रान करते. सह्याद्रीच्या या उतारावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. खाली काळा कातळ आहे आणि त्यावर मातीचा पातळ थर. जेथे साग, ऐन, धावडा, मोह, कारवी यांची मुळे ती माती धरून आहेत, तेथे पाऊस जिरतो, ओढे हळूहळू वाहतात आणि विहिरींना उन्हाळ्यापर्यंत ओल राहते. जेथे डोंगर बोडका झाला, तेथे तोच पाऊस एका दिवसात धावत सुटतो, माती सोबत नेतो आणि धरणाच्या तळाशी गाळ होऊन बसतो. सूरह अल-मूमिनूनमध्ये अल्लाहने सांगितले आहे की तो ठरावीक मापाने पाणी उतरवितो, ते जमिनीत मुरवितो आणि ते काढून नेण्यासही तो समर्थ आहे (आयत 18). पाणी जमिनीत मुरविण्याची ही व्यवस्था आपल्या डोळ्यांसमोर उभी आहे. तिचे नाव आहे रान.

आता या चित्राची दुसरी बाजू पाहा. ज्या शहापूर तालुक्यातून महानगराला पाणी जाते, त्याच तालुक्यातील अनेक गावांची आणि पाड्यांची तहान दर उन्हाळ्यात टँकरवर भागवावी लागते. डोक्यावर हंडा घेऊन डोंगर उतरणाऱ्या ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी स्त्रियांच्या पावलांनी तेथील वाटा मळल्या आहेत. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण तेथे अक्षरशः खरी ठरते. आपण तीन वेळा तोंड धुतो, तेव्हा त्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा होता, हा प्रश्न ईशभय बाळगणाऱ्या अंतःकरणाला पडलाच पाहिजे. वाहत्या नदीच्या काठी वुजू करतानाही पाण्याची उधळपट्टी करू नये, अशी शिकवण हदीसमध्ये आली आहे. मग भरलेल्या टाकीवर बसून सुटलेला नळ पाहत राहण्याचा परवाना आपल्याला कोणी दिला?

हिमा: मदीनेचे राखीव रान

काही लोकांना वाटते की वनसंरक्षण हा आधुनिक सरकारी विषय आहे आणि धर्माशी त्याचा संबंध नाही. वास्तविक इस्लामी शरीअतमध्ये यासाठी एक स्वतंत्र व्यवस्था चौदाशे वर्षांपासून आहे. तिचे नाव हिमा, म्हणजे राखून ठेवलेली जमीन.

इस्लामपूर्व अरबस्तानातही हिमा होती, परंतु ती जुलमी होती. बलाढ्य सरदार हिरवळीचा चांगला तुकडा पाहून तो स्वतःसाठी राखून ठेवी. त्याची जनावरे तेथे चरत आणि इतरांच्या कुरणांतही ती चरतच असत; मात्र त्याच्या तुकड्यात दुसऱ्या कोणाला पाऊल टाकता येत नसे. प्रेषितांनी (स.) ही प्रथा मोडून काढली. हिमा केवळ अल्लाहसाठी आणि त्याच्या प्रेषितासाठी असू शकते, असे त्यांनी जाहीर केले. याचा अर्थ सर्वांच्या हितासाठी जमीन राखता येईल, कोणा एकाच्या चैनीसाठी नाही. मदीनेच्या सभोवतालचा बारा मैलांचा प्रदेश त्यांनी राखीव ठरविला. तेथील झाड तोडू नये, शिकार करू नये, असा नियम घातला. नकीअ येथील कुरण त्यांनी घोड्यांसाठी राखले.

खलीफा हजरत उमर (रजि.) यांच्या काळात रबजा येथेही हिमा राखण्यात आली. राखीव कुरणावर त्यांनी हुनय नावाच्या आपल्या मुक्त गुलामाची नेमणूक केली. त्या वेळी त्यांनी त्याला दिलेली ताकीद सहीह बुखारीत नोंदलेली आहे आणि प्रत्येक वनाधिकाऱ्याने, प्रत्येक जमीनदाराने ती वाचावी अशी आहे. लोकांशी नम्रतेने वाग आणि पीडिताच्या हाकेची भीती बाळग, असे त्यांनी बजावले. ज्याच्याकडे मोजके उंट, मोजक्या शेळ्या-मेंढ्या आहेत त्याला आत येऊ दे. परंतु अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांची जनावरे आत घेऊ नकोस, असे त्यांनी सांगितले. ही दोन्ही नावे महान सहाबांची आहेत, दोघेही स्वर्गाची शुभवार्ता मिळालेले. तरीही हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना बाजूला ठेवले. त्यांचे म्हणणे असे की या दोघांची जनावरे मेली तरी त्यांच्याकडे खजुराच्या बागा आणि शेती आहे. गरिबाची जनावरे मेली तर तो आपली मुले घेऊन माझ्या दाराशी येईल, आणि मग मला त्याला सोने-चांदी द्यावे लागेल. त्यापेक्षा आज त्याला गवत आणि पाणी देणे मला सोपे आहे.

बंधू-भगिनींनो, या एका प्रसंगात वनसंरक्षणाचे सारे तत्त्व आले आहे. रान राखावे, कडक राखावे. परंतु राखलेल्या रानावर पहिला हक्क त्याचा, ज्याच्याकडे दुसरा आधार नाही. रानाशिवाय ज्याचे भागू शकते त्याने मागे राहावे, मग तो कितीही प्रतिष्ठित असो.

डोंगरातील शेजारी

ही कसोटी आता शहापूर-मुरबाडला लावून पाहू. तानसा अभयारण्य 1970 साली घोषित झाले. ते शहापूर, वाडा आणि मोखाडा तालुक्यांत सुमारे 320 चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. मुरबाडच्या पूर्वेस सिद्धगडाच्या बाजूने भीमाशंकर अभयारण्याचे रान लागते. या रानाने किती जणांना सांभाळले आहे ते पाहा. पावसाच्या आरंभी कल्याण-भिवंडीच्या बाजारात शेवळे येतात, मागून कंटोळी, कुरडू, भारंगी येतात. आपण ती आवडीने घेतो. ती खुडून आणणारी बाई पहाटे डोंगरात गेलेली असते. मोहाची फुले, आवळा, हिरडा, मध, कुड्याची पाने, जळणाची मोळी हे तिचे कोठार. 2006 च्या वनहक्क कायद्याने हे गौण वनउपज गोळा करण्याचा तिचा हक्क मान्य केला आहे. हजरत उमर (रजि.) ज्याला मोजक्या शेळ्यांचा धनी म्हणाले, तो आपल्याकडे हाच.

या रानात मनुष्याखेरीज इतरही समुदाय आहेत. जमिनीवर चालणारा प्रत्येक प्राणी आणि पंखांवर उडणारा प्रत्येक पक्षी हे मनुष्यासारखेच समुदाय असल्याचे सूरह अल-अनआममध्ये आले आहे (आयत 38). रानपिंगळा नावाचा एक लहानसा घुबडवर्गीय पक्षी शतकाहून अधिक काळ कोणाला दिसला नव्हता आणि तो नष्ट झाला असे मानले जात होते. 1997 साली तो खानदेशात पुन्हा आढळला आणि 2014 साली तानसाच्या जंगलातही त्याचे दर्शन झाले. मनुष्याने ज्याचे नाव मृतांच्या यादीत घातले होते, त्याला पालनकर्त्याने मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर जिवंत ठेवले होते. ज्या रानात त्याने आपली निर्मिती अशी जपली, तेथे आपण कोणत्या अदबीने जावे?

मन रमविणे हेही धर्मात आहे

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सहल, डोंगर चढणे, मोकळ्या हवेत खेळणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे काही घरांत मानले जाते. विशेषतः मुलींच्या बाबतीत. प्रेषितांचे (स.) जीवन तसे सांगत नाही. प्रवासात त्यांनी हजरत आएशा (रजि.) यांच्यासोबत धावण्याची शर्यत लावली होती, एकदा त्या जिंकल्या, पुढे एकदा प्रेषित (स.) जिंकले आणि ही त्या वेळची परतफेड असे हसून म्हणाले. हजरत हंजला (रजि.) यांना वाटले की प्रेषितांसमोर असताना परलोक डोळ्यांपुढे असतो आणि घरी मुलाबाळांत रमल्यावर ते विसरते, म्हणजे आपण दांभिक झालो. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांची समजूत घातली की एक घटका त्याची असते आणि एक घटका याची. मन विसावण्याची घटकाही धर्माच्या चौकटीतच आहे.

शिवाय कुरआन आपल्याला घराबाहेर पडण्याचा आदेश देतो. पृथ्वीवर फिरा आणि निर्मितीचा आरंभ कसा झाला ते पाहा, असे सूरह अल-अनकबूतमध्ये सुचविले आहे (आयत 20). पर्वत कसे रोवले गेले याकडे पाहण्यास सूरह अल-गाशियहमध्ये सांगितले आहे (आयत 19). ठाणे जिल्ह्यात उंचीने पहिला मानला जाणारा माहुलीचा डोंगर आसनगावजवळ उभा आहे. मुरबाडच्या वैशाखरे गावावरून नाणेघाटाची वाट चढते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात या वाटेने व्यापारी मालाची ने-आण करीत आणि त्या राजघराण्याचा शिलालेख तेथील लेण्यात आजही आहे. सिद्धगडाच्या रानात 2 जानेवारी 1943 रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी देशाच्या स्वातंत्र्यासाठी प्राण दिले. आपली मुले ही ठिकाणे पाहतील तर त्यांना पालनकर्त्याची निशाणी दिसेल, गेलेल्या राज्यांचा बोध मिळेल आणि ज्या भूमीत आपण जन्मलो तिचे ऋणही कळेल.

सहलीचे शिष्टाचार

मात्र पावसाळ्यातील रविवारी माळशेजच्या घाटात किंवा एखाद्या धबधब्यापाशी जे दृश्य दिसते, त्यात या हेतूचा मागमूस राहत नाही. प्लास्टिकच्या ताटल्या, पाण्याच्या बाटल्या, बिर्याणीचे रिकामे डबे, लहान मुलांचे डायपर ओढ्यात सोडून लोक परततात. यात सर्व धर्मांचे लोक असतात हे खरे. परंतु पवित्रतेला ईमानाचा भाग मानणाऱ्या समाजाने तरी त्यात असू नये. पाणवठा, लोकांची वाट आणि सावली या तीन जागा घाण करणे शापास कारण होते, असा इशारा हदीसमध्ये आहे. घाटातील ओढ्यापाशी या तिन्ही जागा एकत्र आलेल्या असतात. तो ओढा पुढे कोणाची तरी विहीर भरतो.

म्हणून सहलीला निघताना काही गोष्टी घरातच ठरवून घ्याव्यात. जेवण स्टीलच्या डब्यांत न्यावे आणि कचरा पिशवीत भरून परत आणावा. आपलाच नव्हे, हाताला लागला तो दुसऱ्याचाही. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानाची एक शाखा आहे. घाटातील माकडांना वेफर्स आणि बिस्किटे चारणे म्हणजे सदका नव्हे. त्याने ती रानातले अन्न विसरतात, सडकेवर येतात आणि गाड्यांखाली सापडतात. चूल पेटविलीच तर पूर्ण विझवूनच उठावे. झोपताना घरातील विस्तव तसाच सोडू नये असे ज्या प्रेषितांनी (स.) शिकविले, त्यांचा अनुयायी फाल्गुन-चैत्रातल्या वाळल्या गवतात जळती विडी टाकून वणव्याला कारण होऊ शकत नाही. मोठ्या आवाजाचे कर्णे घरीच ठेवावेत. नमाजची वेळ झाली की स्वच्छ जागा पाहून जमाअत करावी, कारण सारी पृथ्वी या उम्मतीसाठी सजद्याची जागा ठरविली आहे. जी जागा आपण सजद्यासाठी निवडतो ती उठताना आधीपेक्षा स्वच्छ असावी.

आणखी एक गोष्ट जिवाची आहे. दर पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांच्या काठी तरुण मुले बुडतात. अलीकडच्या वर्षांत जिल्हा प्रशासन अशा ठिकाणी मनाई आदेश काढते आणि पुष्कळ जण आडवाटेने तेथेच पोहोचतात. स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात टाकण्यास कुरआनने मना केले आहे (सूरह अल-बकरह, आयत 195). आईवडिलांनी मुलांना हे धाक म्हणून नव्हे, धर्म म्हणून सांगावे.

जमिनीची खरेदी: सर्वांत मोठी परीक्षा

कचरा उचलता येतो. परंतु एक प्रश्न त्याहून खोल आहे आणि तो आपल्या पैशाशी निगडित आहे. शहरात चार पैसे जमले की शहापूर किंवा मुरबाडकडे एखादा तुकडा घ्यावा, कुंपण घालावे, लहानसा बंगला बांधावा, अशी इच्छा अनेक कुटुंबांत असते. हलाल कमाईतून, खऱ्या कागदपत्रांनी जमीन घेणे निषिद्ध नाही. तरीही खरेदीपूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत.

पहिला प्रश्न, ही जमीन कोणाची होती? शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो, मुरबाडचाही काही भाग. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही, असे महाराष्ट्राच्या महसूल कायद्यात स्पष्ट आहे. दलाल मात्र दुसऱ्याच्या नावावर घेऊन ठेवण्याचा, साठेकरार करून ताबा घेण्याचा मार्ग दाखवितो. कायद्याच्या डोळ्यांत धूळ फेकता येईल. परंतु एक वीतभर जमीनही अन्यायाने घेणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचे जोखड पडेल, हा इशारा बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आहे. तेथे साठेकरार चालणार नाही.

दुसरा प्रश्न, माझ्या कुंपणाने कोणाची वाट अडते? पाड्यावरून विहिरीकडे, गुरांना कुरणाकडे, बायांना रानाकडे नेणारी पायवाट कागदावर बहुधा नसते. पाणी, गवत आणि विस्तव यांत लोक भागीदार आहेत, ही शिकवण अबू दाऊदच्या हदीससंग्रहात आली आहे. कुंपण घालून ती वाट बंद करणारा मनुष्य नकळत त्या इस्लामपूर्व सरदाराची हिमा पुन्हा उभी करीत असतो.

तिसरा प्रश्न, माझ्या बोअरवेलने शेजारच्या विहिरीचे काय होईल, आणि सपाटीकरणासाठी मी किती झाडे पाडणार आहे? वाटसरूंना आणि जनावरांना सावली देणारे बोरीचे झाड विनाकारण तोडणाऱ्याविषयी हदीसमध्ये कठोर इशारा आहे. त्या मोहाच्या झाडाखाली कोणाच्या तीन पिढ्यांनी फुले वेचली असतील.

या तिन्ही प्रश्नांचे समाधानकारक उत्तर मिळाले तर जमीन अवश्य घ्यावी. न मिळाल्यास सोडून द्यावी. शंकास्पद गोष्टीपासून दूर राहणारा आपला धर्म आणि आपली अब्रू वाचवितो. प्रेषितांनी (स.) हे समजावताना राखीव कुरणाच्या काठाकाठाने जनावरे चारणाऱ्या गुराख्याचाच दाखला दिला होता, असा गुराखी कधी आत शिरेल याचा नेम नसतो.

आपण काय करू शकतो?

मोठी कामे शासनाची आहेत, परंतु मस्जिदीच्या जमाअतीच्या आवाक्यातील कामेही थोडी नाहीत. हजरत उस्मान (रजि.) यांनी मदीनेतील रूमा विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. आपल्या मृत आईवडिलांच्या नावे सदका-ए-जारिया करू इच्छिणाऱ्याने शहापूरच्या एखाद्या पाड्यावर, ग्रामसभेच्या संमतीने, जुन्या विहिरीतील गाळ काढून द्यावा किंवा पाण्याची टाकी बांधून द्यावी. ते पाणी पिणाऱ्याचा धर्म विचारू नये. कब्रस्तानांच्या मोकळ्या कडेला करंज, जांभूळ, आवळा लावावा. ज्या झाडाचे फळ पक्षी, मनुष्य किंवा जनावर खाईल ते लावणाऱ्यासाठी सदका ठरते. वुजूखान्याचे वापरलेले पाणी झाडांना वळवावे. मदरशाच्या मुलामुलींना वर्षातून एकदा रानात न्यावे, पाड्यावरील जाणत्या माणसाला योग्य मोबदला देऊन वाटाड्या म्हणून घ्यावे आणि झाडांची नावे त्याच्याकडून शिकवावीत. शेजाऱ्याशी ओळख अशीच होते.

कयामत येऊन ठेपली आणि एखाद्याच्या हातात रोप असले तर लावणे शक्य असेपर्यंत त्याने ते लावावे, अशी शिकवण प्रेषितांनी (स.) दिली आहे. त्या रोपाची सावली कोणालाही मिळणार नाही, फळ कोणी खाणार नाही. तरीही ते लावायचे, कारण रोप ही अमानत आहे आणि अमानत शेवटच्या क्षणापर्यंत पाळावयाची असते. शहापूर-मुरबाडच्या रानाला तर अजून पुष्कळ आयुष्य असू शकते. ते आपल्या वागण्यावर अवलंबून आहे.

हे अल्लाह, तू आम्हाला जे पाणी पाजतोस त्याची कदर करण्याची सद्बुद्धी दे. ज्यांच्या डोंगरातून ते येते त्यांचे हक्क आमच्या मानेवर राहू देऊ नकोस. पृथ्वीवर नम्रतेने चालणाऱ्या तुझ्या दासांमध्ये आमची गणना कर, आणि आमच्या मुलाबाळांना आमच्यापेक्षा अधिक हिरवी भूमी दे. आमीन.